मराठी साधने आणि एपीए शैली: शोधनिबंधाची संदर्भसूची कशी सिद्ध करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी सुधारणावादी लेखनावरचा आपला इंग्रजी शोधनिबंध एका नियतकालिकाने परीक्षकांकडे पाठवण्यापूर्वीच, 'संदर्भ आमच्या शैलीत नाहीत' एवढ्या एका ओळीसह परत केला. ते नियतकालिक एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीची सातवी आवृत्ती मागते, आपली निम्म्याहून अधिक साधने मराठी आहेत, आणि याच निबंधाचे मराठी रूप पुढे एका त्रैमासिकाला द्यावे असा आपला विचार आहे. नियतकालिकांसाठी आलेली हस्तलिखिते तपासण्याचे व संपादनाचे काम मी बराच काळ करत आलो आहे, त्यामुळे एपीएच्या नियमपुस्तिकेत सहज सापडणारे नियम पुन्हा न सांगता, मराठी साधने हाताळताना ते नियम जिथे अपुरे पडतात तिथेच अधिक थांबतो.

अशी परतपाठवणी बहुतेक वेळा कार्यालयीन छाननीत होते. छाननी करणारी व्यक्ती आपला विषय जाणत नाही. मजकुरात आलेला प्रत्येक संदर्भ यादीत आहे का, यादीतील प्रत्येक नोंद मजकुरात कुठेतरी वापरली आहे का, नोंदींची रचना एकसारखी आहे का आणि इंग्रजी लेखांना डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ओळखक्रमांक) दिले आहेत का, एवढेच ती पाहते. म्हणून शैलीच्या तक्रारीमागे पुष्कळदा विसंगतीची तक्रार असते: एका नोंदीत लेखकाचे पूर्ण नाव, दुसरीत आद्याक्षरे, एकीत प्रकाशनस्थळ, दुसरीत नाही. आपण पाठवलेल्या यादीत मला हेच सर्वाधिक दिसले.

नियमपुस्तिका उघडण्यापूर्वी नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना अथपासून इतिपर्यंत वाचाव्यात, कारण दोहोंत फरक असेल तिथे नियतकालिकाची सूचना वरचढ असते. 'आम्ही एपीए पाळतो' असे लिहून पुढे तळटिपांना परवानगी देणारी नियतकालिके आहेत. गेल्या वर्षभरातील दोन-तीन प्रकाशित लेखांच्या याद्या शेजारी ठेवल्या की प्रत्यक्ष वहिवाट कळते. उद्या आपल्याला 'हार्वर्ड शैली' मागणारे नियतकालिक भेटले, तर त्या नावाची एकच प्रमाण पुस्तिका अस्तित्वात नाही हे ध्यानात असू द्यावे. हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली लेखक-वर्ष कंसात देण्याची पद्धत वापरली आणि विद्यापीठाचे नाव त्या पद्धतीला चिकटले. बाकीचे तपशील प्रत्येक नियतकालिकाने आपापले ठरवले आहेत. वैद्यकातील व्हँकूव्हर शैली क्रमांकांवर चालते, तिचा आपल्या विषयाशी संबंध नाही.

एपीएच्या सातव्या आवृत्तीत जे बदलले ते एवढेच लक्षात ठेवले तरी पुरे: पुस्तकाच्या नोंदीतून प्रकाशनस्थळ गेले, तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्याच उल्लेखापासून पहिले आडनाव आणि 'व इतर' येते, यादीत मात्र वीस लेखकांपर्यंत सर्व नावे द्यावी लागतात, आणि डीओआय पूर्ण दुव्याच्या स्वरूपात लिहिला जातो. आपल्या यादीत सहाव्या आवृत्तीप्रमाणे 'मुंबई', 'पुणे' सर्वत्र आहे. इंग्रजी निबंधातून ते काढावे लागेल. मराठी रूपात मात्र ते ठेवावे असे माझे मत आहे, कारण जुन्या मराठी पुस्तकांचे प्रकाशक पुष्कळदा व्यक्ती असत, आणि 'प्रकाशक' म्हणून नुसते एखादे आडनाव वाचून ते पुस्तक कोणत्या गावी छापले गेले हे आजच्या वाचकाला उमगत नाही.

आता कामाचा क्रम. नोंदीची माहिती गोळा करणे आणि ती शैलीत बसवणे ही दोन कामे वेगळी ठेवावीत. माहिती मुखपृष्ठावरून घेऊ नये. शीर्षकपृष्ठ आणि त्यामागील मुद्रणाच्या तपशिलांचे पान यांवरून घ्यावी, आणि या दोन पानांचे छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे ग्रंथालयात पुन्हा फेरी पडत नाही. या मागच्या पानावर प्रकाशक, मुद्रक आणि वितरक अशी तीन नावे असू शकतात. नोंदीत प्रकाशकच यायला हवा. 'आवृत्ती' हा शब्दही जपून वाचावा. मराठी प्रकाशनव्यवहारात केवळ पुनर्मुद्रणालाही 'दुसरी आवृत्ती', 'तिसरी आवृत्ती' म्हणण्याची रीत आहे, त्यामुळे मजकूर बदलला आहे असे त्यावरून गृहीत धरता येत नाही. आपण हातात घेतलेल्या प्रतीवर जे छापले आहे ते आणि त्याच प्रतीचे वर्ष नोंदवावे, कारण आपण दिलेला पृष्ठांक फक्त त्या प्रतीपुरता खरा असतो.

शके असलेल्या पुस्तकांत वर्ष बदलताना सरसकट ७८ मिळवण्याची सवय सोडावी. शके वर्ष चैत्रात सुरू होते, म्हणून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८०४ म्हणजे १८८२ किंवा १८८३. महिना दिला असेल तर वर्ष निश्चित करता येते. नसेल तर '१८८२-८३' असे लिहून मूळ शकवर्षही नोंदीत ठेवावे. कागदपत्रांवर सुहूर किंवा फसली या जुन्या कालगणनांतील सन असेल तर जंत्री पाहिल्याशिवाय इसवी सन लिहू नये. वर्ष छापलेलेच नसेल तर 'वर्ष नाही' असे सरळ म्हणावे, आणि अंदाज करायचाच असेल तर तो चौकटी कंसात 'सुमारे' लावून द्यावा, म्हणजे तो आपला आहे हे वाचकाला दिसते.

आपल्या निबंधातील सर्वांत गंभीर दोष मात्र वर्षांशीच संबंधित असूनही वेगळ्या प्रकारचा आहे. आपण मजकुरात 'फुले, १९९१' असे जागोजागी लिहिले आहे. 'गुलामगिरी' १८७३ ची आहे आणि 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. १९९१ हे य. दि. फडके यांनी संपादित केलेल्या 'महात्मा फुले समग्र वाङ्मया'चे वर्ष आहे. त्याआधी धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले समग्र वाङ्मय १९६९ मध्ये निघाले होते. परदेशातील वाचक 'फुले, १९९१' आणि शेजारीच 'ओहॅन्लन, १९८५' असे वाचतो तेव्हा कालक्रमच उलटा होतो, आणि दोन वेगळ्या ग्रंथांतील मते एकाच वर्षाच्या छत्राखाली गेल्यामुळे फुल्यांच्या विचारातील दहा वर्षांचा प्रवास अदृश्य होतो. आपल्या निबंधाचे प्रतिपादन तर त्या प्रवासावरच उभे आहे. एपीएमध्ये यासाठी सोय आहे: मजकुरात 'फुले, १८७३/१९९१' अशी दोन्ही वर्षे तिरकी रेघ देऊन लिहावीत आणि यादीत समग्र वाङ्मयातील प्रत्येक ग्रंथाची स्वतंत्र नोंद करून शेवटी मूळ प्रकाशनाचे वर्ष कंसात द्यावे. मराठी रूपात ती नोंद साधारण अशी दिसेल:

फुले, जोतीराव (१९९१). गुलामगिरी. य. दि. फडके (संपा.), महात्मा फुले समग्र वाङ्मय (पृ. अमुक–तमुक). मुंबई: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. (मूळ प्रकाशन १८७३)

आपण काही अवतरणे १९६९ च्या प्रतीतून आणि काही १९९१ च्या प्रतीतून घेतलेली दिसतात. दोन्ही आवृत्त्यांचे पृष्ठांक जुळतीलच असे नाही, म्हणून एकच आवृत्ती निवडून सर्व अवतरणे तिच्याशी ताडून घ्यावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळता येणारे नाही. डॉ. आंबेडकरांच्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस' या महाराष्ट्र शासनाच्या मालेलाही हाच न्याय लागतो. तिथे खंडाचा क्रमांक विसरला तर नोंद निरुपयोगी होते.

लेखकांच्या नावांकडे वळू. नावामागील 'महात्मा', 'लोकमान्य', 'डॉ.', 'तर्कतीर्थ' या उपाध्या नोंदीत येत नाहीत. त्यात अनादर नाही, यादीचा तो संकेत आहे. (समग्र वाङ्मयाच्या शीर्षकातील 'महात्मा' अर्थातच तसाच राहतो, कारण तो ग्रंथनामाचा भाग आहे.) जोतीराव, ज्योतिराव आणि जोतिबा यांपैकी एकच रूप ठरवून यादीभर तेच ठेवावे. टोपणनावाने प्रसिद्ध झालेले लेखन टोपणनावाखालीच नोंदवावे. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आले, म्हणून नोंद शिरूरकरांखाली होते. त्या मालती बेडेकर आणि विवाहापूर्वीच्या बाळूताई खरे हे वाचकाला सांगणे आवश्यक वाटले तर ते मजकुरात सांगावे. आपल्या विषयात लेखिकांची नावे विवाहामुळे बदललेली अनेकदा आढळतील, आणि त्या प्रत्येक वेळी पुस्तकावर छापलेले नाव हाच आधार धरावा. संतांच्या नावांचे आडनाव-नाव असे तुकडे करू नयेत. ज्ञानेश्वरीसारख्या ग्रंथात पृष्ठांकापेक्षा अध्याय आणि ओवी महत्त्वाची असते. तुकारामांच्या अभंगांचे क्रमांक मात्र गाथेगाथेत बदलतात, म्हणून कोणती गाथा वापरली हे यादीत असलेच पाहिजे. सातव्या आवृत्तीनुसार अशा प्राचीन व धार्मिक ग्रंथांचीही यादीत नोंद करावी लागते. पूर्वी ती सूट होती.

इतिहासाच्या साधनग्रंथांत आणखी एक जुना आणि चांगला संकेत आहे, तो मोडू नये. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या बावीस खंडांतील पत्र सांगताना खंड आणि लेखांक, म्हणजे त्या खंडातील पत्राचा अनुक्रमांक, देतात. लेखांक दिला की कोणत्याही प्रतीत ते पत्र सापडते. एपीएला पृष्ठांक हवा असला तरी तिथे पृष्ठाच्या जागी अन्य विभागक्रमांक देण्यास मुभा आहे, तेव्हा 'खं. ८, ले. अमुक' असे देण्यात नियमभंग नाही. एखादे पत्र आपण राजवाड्यांत न पाहता नंतरच्या एखाद्या अभ्यासकाच्या पुस्तकात उद्धृत झालेले पाहिले असेल, तर यादीत त्या अभ्यासकाचेच पुस्तक यावे आणि मजकुरात 'अमुक यांनी उद्धृत केल्याप्रमाणे' असे म्हणावे. मूळ साधन पाहिल्याचा आव परीक्षकांना सहसा त्यातील चुकांवरूनच कळतो, कारण मधल्या अभ्यासकाच्या हातून सुटलेला लेखांकही जसाच्या तसा पुढे उतरतो.

वृत्तपत्रांविषयी आपण विचारले आहे. अग्रलेख सहसा निनावी असतो, त्यामुळे लेखकाच्या जागी शीर्षक येते, मग पूर्ण तारीख, पत्राचे नाव आणि पृष्ठ. आपण 'केसरी'तील १८८० च्या दशकातील तीन अग्रलेख टिळकांच्या नावावर नोंदवले आहेत. 'केसरी' १८८१ मध्ये सुरू झाला तेव्हापासून १८८७ पर्यंत त्याचे संपादक आगरकर होते. त्या काळातील निनावी अग्रलेख टिळकांचा किंवा आगरकरांचा म्हणायचा असेल तर तो कोणत्या संग्रहात कोणाच्या नावे समाविष्ट झाला आहे हा आधार द्यावा लागेल. अन्यथा तो 'केसरी'चा अग्रलेख म्हणूनच राहू द्यावा. आपल्या विषयात हा फरक किरकोळ नाही, कारण सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावरच या दोघांचे बिनसले. आजच्या दैनिकांच्या बाबतीत शहरानुसार आवृत्त्या निघतात आणि पाने बदलतात, म्हणून छापील अंकावरून घेतले असेल तर 'पुणे आवृत्ती' असा उल्लेख करावा.

दिवाळी अंक हा एपीएच्या कर्त्यांनी कधी विचारात न घेतलेला प्रकार. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये ही प्रथा सुरू केली, आणि त्या अंकांतील उत्तम लेखन पुढे पुस्तकात आलेच असे नाही. कित्येकांवर वर्ष-अंक क्रमांक नसतो. अंकाच्या क्रमांकाच्या जागी 'दिवाळी अंक' हे शब्द आणि पुढे वर्ष, पृष्ठे द्यावीत. इंग्रजी यादीतही तेच रोमन लिपीत ठेवून चौकटी कंसात त्याचा अर्थ सांगावा. मराठी विश्वकोशातील नोंद 'मराठी विश्वकोश' या नावाने देणे ही दुसरी सार्वत्रिक सवय. विश्वकोशातील बहुतेक नोंदींच्या अखेरीस लेखकाचे नाव असते. नोंद त्या लेखकाची, कोश हा तिचा ग्रंथ. शासन निर्णयासाठी विभाग, निर्णय क्रमांक, दिनांक आणि अलीकडच्या निर्णयांना असणारा संगणक सांकेतांक एवढे पुरते. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंधासाठी ब्राउझरच्या पट्टीतील लांबलचक पत्ता न देता त्या प्रबंधाच्या पानावर दिलेला कायमस्वरूपी हँडल दुवा द्यावा. प्रकरणाच्या फाइलचा दुवा देऊ नये. मुलाखतींचे दोन प्रकार आहेत: माहिती विचारण्यासाठी केलेला संवाद फक्त मजकुरात 'वैयक्तिक संवाद' म्हणून दिनांकासह येतो, यादीत येत नाही, आणि आपल्या संशोधनातील सहभागींच्या मुलाखती हे संदर्भ नसून आपली सामग्री असल्यामुळे त्यांचा परिचय पद्धतीच्या विभागात द्यायचा असतो.

इंग्रजी निबंधातील मराठी नोंदींचे लिप्यंतर हा आपल्या यादीतील सर्वांत विस्कळीत भाग आहे. एपीएची अपेक्षा साधी आहे: लेखक आणि शीर्षक रोमन लिपीत, आणि शीर्षकापुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ. कंसातील अर्थाला तिरके वळण देत नाहीत, मूळ शीर्षकाला देतात. प्रश्न एवढाच की रोमन लिपीत कसे लिहायचे. आयएसओ १५९१९ किंवा अमेरिकेतील ग्रंथालयांची एएलए-एलसी पद्धत यांत चिन्हयुक्त अक्षरे असतात आणि भारतविद्येची व इतिहासाची नियतकालिके पुष्कळदा तीच मागतात. समाजशास्त्राच्या व शिक्षणशास्त्राच्या नियतकालिकांत साधे रोमन चालते. आपल्या नियतकालिकाच्या गेल्या अंकांत चिन्हे दिसत नाहीत, तेव्हा आपण साधे रोमनच घ्यावे. मात्र मग 'इतिहास' या शब्दाच्या अखेरीस उच्चारात नसलेला 'अ' लिहायचा की नाही, 'च' आणि 'छ' वेगळे कसे दाखवायचे, 'ण' आणि 'न' यांत भेद करायचा की नाही, याचे पाच-सहा नियम एका कागदावर लिहून सर्व नोंदी त्याप्रमाणे कराव्यात. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या तालिकेत हा शेवटचा 'अ' लिहिला जातो. वाचकाने तिथे पुस्तक शोधावे असे वाटत असेल तर तालिकेतील रूप उचलणे सोयीचे, आणि दुर्मीळ पुस्तकांसाठी मी स्वतः तेच करतो. ज्या लेखकांनी इंग्रजीत स्वतः लिहिले आहे त्यांचे नाव त्यांनी वापरलेल्या स्पेलिंगनेच यावे. फडके हे आडनाव 'पी-एच'ने की 'एफ'ने हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या फडक्यांचा आहे. ग्रंथाचा प्रकाशित इंग्रजी अनुवाद असेल आणि आपण मराठी मूळच वाचले असेल, तर कंसात स्वतः केलेला अर्थ देण्याऐवजी त्या अनुवादाचे रूढ शीर्षक दिल्यास वाचकाला ओळख पटते.

मराठी रूपाच्या अडचणी वेगळ्या, आणि बऱ्याचशा टंकलेखनाच्या आहेत. 'पुणे:' मधील अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टंकला जाण्याची चूक मी पाहिलेल्या जवळपास प्रत्येक यादीत असते. डोळ्यांना ती जाणवत नाही, पण शोध आणि फाँटबदल दोन्ही तिथे अडखळतात. 'ॲ' हे अक्षर एकसंधही टंकता येते आणि 'अ'वर चंद्र देऊनही. दोन्ही मिसळली की वर्णानुक्रम बिघडतो. वर्णानुक्रम यंत्राने लावला तरी शेवटी डोळ्यांखालून घालावा: 'क्षीरसागर' क मध्ये आणि 'ज्ञानेश्वर' ज मध्ये घ्यायचे की वर्णमालेच्या अखेरीस, याचा एक निर्णय करावा लागतो, आणि मी कोशांप्रमाणे क आणि ज मध्ये घेतो. इंग्रजी साधने मराठी यादीत मिसळू नयेत. मराठी आधी आणि इंग्रजी नंतर असे दोन भाग वाचकाला सोयीचे पडतात. इंग्रजी अंक देवनागरी करण्यासाठी संपूर्ण फाइलवर 'शोधा आणि बदला' चालवू नका, कारण डीओआय, आयएसबीएन आणि दुवे त्यात मोडतात. त्रैमासिक युनिकोडमधून जुन्या फाँटमध्ये रूपांतर करून छपाई करत असेल तर रोमन अक्षरे, कंस आणि तिरक्या रेघा बदलण्याचा धोका असतो, म्हणून सोबत पीडीएफ पाठवावी आणि मुद्रिते स्वतः वाचण्याचा आग्रह धरावा. देवनागरीत तिरक्या ठशाची परंपरा नाही. संगणक अक्षरे नुसती कलंडवतो आणि ती वाईट दिसतात. त्रैमासिकाची हरकत नसेल तर पुस्तकाचे नाव ठळक आणि लेखाचे नाव एकेरी अवतरणात ठेवावे. तळटिपा असतील तर 'तत्रैव' (लगतच्या टिपेतील ग्रंथातच) आणि 'उपरोक्त' (आधी सांगितलेला ग्रंथ) मराठीत अजून चालतात, तथापि संपादनात एखादी टीप मध्ये घुसली की 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. शिकागो शैलीच्या पुस्तिकेनेही २०१७ च्या आवृत्तीपासून अशा खुणेऐवजी आडनाव आणि लघुशीर्षक देण्याचा सल्ला दिला आहे, तो मराठीतही घ्यावा. एकाच लेखकाची एकाच वर्षातील दोन पुस्तके '१९९१अ', '१९९१ब' अशी वेगळी करावीत.

संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर जरूर वापरावे. २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालेले झोटेरो विनामूल्य आहे, देवनागरी नीट सांभाळते आणि निबंध दुसऱ्या नियतकालिकाकडे न्यावा लागला तर शैली एका निवडीत बदलते. मराठी नोंदी भरताना चार गोष्टी कराव्यात. भाषेच्या रकान्यात मराठीचा संकेत भरावा, म्हणजे रोमन लिपीतील मराठी शीर्षकाच्या प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे होत नाही. संस्था आणि संत यांची नावे एकाच रकान्यात भरावीत, नाहीतर 'महाराष्ट्र शासन' यादीत 'शासन' या आडनावाची व्यक्ती होऊन उतरते. मूळ प्रकाशनाचे वर्ष अतिरिक्त माहितीच्या रकान्यात 'मूळ दिनांक' या अर्थाच्या इंग्रजी शीर्षकाखाली लिहिले की फुल्यांची दुहेरी वर्षे आपोआप छापली जातात. आणि आद्याक्षरे यंत्रावर न सोपवता 'वि. का.' अशी स्वतः टंकावीत. झोटेरो एका दस्तऐवजाला एकच भाषा लावते, त्यामुळे मराठी नोंदींत 'संपादक' किंवा 'व इतर' यांची इंग्रजी रूपे येऊ शकतात. ती सर्वांत शेवटी, झोटेरोशी असलेले दुवे तोडलेल्या प्रतीत हाताने दुरुस्त करावीत. आधी केली तर पुढच्या अद्ययावतीकरणात ती पुसली जातात.

गूगल स्कॉलरच्या तयार नोंदीवर मराठी पुस्तकांसाठी विसंबू नये. प्रकाशक आणि वर्ष दोन्ही चुकलेले आढळतात. संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून यादी 'नीट करून' घेणे तर अधिक धोक्याचे, कारण रिकामा रकाना ती पटण्याजोग्या पण कल्पित माहितीने भरू शकतात आणि अस्तित्वात नसलेला लेख अगदी निर्दोष एपीएमध्ये देऊ शकतात. इंग्रजी लेखांचे डीओआय क्रॉसरेफच्या विनामूल्य शोधसेवेवर यादी चिकटवून मिळवता येतात; मिळालेला प्रत्येक दुवा उघडून तोच लेख येतो का हे पाहावे. एखादा लेख मागे घेतला गेला आहे का हेही तिथेच कळते, आणि झोटेरो तसा इशारा स्वतःहून देते. शेवटची तपासणी कागदावर करावी: मजकूर वाचत जाऊन प्रत्येक कंसातील नावासमोर यादीत खूण करावी. खुणेविना उरलेल्या नोंदी काढाव्यात, आणि यादीत न सापडलेली नावे भरावीत.

आपल्या मार्गदर्शकांनी 'संदर्भ वाढले की साम्य-टक्केवारी (इतर लेखनाशी जुळणाऱ्या मजकुराचे प्रमाण) वाढते' असे सांगितल्याचे आपण लिहिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार संदर्भसूची साम्यतपासणीतून वगळायची असते. वगळले न जाणारे असते ते अवतरणचिन्हांविना उचललेले वाक्य, मग त्यापुढे संदर्भ दिलेला असो वा नसो. आपल्या निबंधात असे दोन परिच्छेद आहेत. ते अवतरणात घालावेत किंवा स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहावेत.

मराठी रूप देण्यापूर्वी इंग्रजी नियतकालिकाच्या आणि त्रैमासिकाच्या अशा दोन्ही संपादकांची लेखी संमती घ्यावी, आणि छापताना मूळ निबंधाचा पूर्ण संदर्भ पहिल्याच पानावर द्यावा. इंग्रजी निबंध पुन्हा पाठवताना सोबतच्या पत्रात तीन-चार वाक्ये मराठी साधनांविषयी जरूर लिहावीत: लिप्यंतर साध्या रोमनमध्ये केले आहे, कंसातील शीर्षकांचे अनुवाद माझे आहेत, समग्र वाङ्मयातील ग्रंथांना मूळ आणि वापरलेल्या आवृत्तीचे असे दोन्ही वर्ष दिले आहे, आणि साधनखंडांतील पत्रे लेखांकाने दर्शवली आहेत. छाननी करणाऱ्या व्यक्तीला जे विचित्र वाटण्याची शक्यता आहे ते तिला आधीच कळते, आणि संपादकांना वेगळी पद्धत हवी असेल तर ते निबंध परत न पाठवता उत्तरात तेवढे सांगू शकतात.